नोटीस न देता नोकरी सोडायची वेळ आली तर: पायरीपायरीनं काय करायचं

२०१६ साली मी पुण्यातली एक बॅक ऑफिसची नोकरी सोडली. सोडली म्हणजे एका सोमवारी गेलेच नाही. फोन बंद केला, टीम लीडरचे मेसेज न वाचता तसेच ठेवले आणि आठ दिवसांनी ओळखपत्र मैत्रिणीच्या हाती पाठवून दिलं. त्या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तीन वर्षांनी एक चांगली ऑफर आली आणि नव्या कंपनीनं केलेल्या पडताळणीत माझ्या नावापुढे ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ (म्हणजे न सांगता फरार) असा शेरा निघाला. पीएफच्या नोंदीत तिथली नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती, म्हणजे कागदोपत्री मी अजून तिथंच कामाला होते. ते सगळं निस्तरण्यात सात आठवडे गेले. तेवढे दिवस घरी पगार आला नाही आणि ऑफर राहते की जाते याची धाकधूक रोजची.

२०२२ मध्ये भोसरीच्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला होते. दोन महिन्यांचा पगार थकला होता. त्यात एका गुरुवारी मालकांनी मागच्या तारखेची बिलं माझ्या लॉगिनमधून टाकायला सांगितली. मी नकार दिल्यावर केबिनमध्ये जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी ती नोकरी सोडली. एका दिवसाचीही नोटीस दिली नाही. पण या वेळी बाहेर पडताना माझ्या पिशवीत शिक्का मारलेली राजीनाम्याची प्रत होती, लॅपटॉप परत दिल्याची पावती होती, आणि पुढच्या नोकरीत मला कुणी एक प्रश्न जास्तीचा विचारला नाही.

नोटीस न देता जाणं आणि न सांगता जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याची किंमत बहुतेक वेळा पैशात मोजता येते. दुसऱ्याची किंमत कधी आणि कुठे मोजावी लागेल ते सांगता येत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या पहिल्या प्रकारासाठी आहेत.

हे सगळं महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीपुरतं आहे. सरकारी, निमसरकारी आणि सार्वजनिक बँकांतल्या नोकरीचे सेवानियम वेगळे असतात, तिथं हे लावू नका.

१. आजच जायचं आहे का, हे एकदा शांतपणे बघा

काही वेळा थांबण्यात अर्थ नसतो. अंगावर हात उचलला जातोय, लैंगिक त्रास होतोय, खोट्या कागदांवर सह्या मागतायत, सुरक्षेची साधनं न देता मशीनवर उभं करतायत, किंवा कामाच्या ताणानं तब्येत इतकी ढासळली आहे की डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय. अशा वेळी ‘महिनाभर कळ काढ’ हा सल्ला देणारे सोबत कळ काढायला येत नाहीत. निघा.

पण राग आजचा असेल आणि नोकरी एरवी बरी असेल, तर खालच्या गोष्टी आधी तपासा, कारण यांतलं नुकसान मागाहून भरून येत नाही.

ग्रॅच्युइटी: सलग पाच वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर दात-ओठ खाऊन थांबा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये धरले तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे जवळपास ५१,९०० रुपये होतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाचीच अट आहे, तेही बघून घ्या.

बाळंतपण: दिवस गेले असतील आणि प्रसूती रजा सुरू व्हायच्या आत राजीनामा दिलात, तर २६ आठवड्यांच्या पगारी रजेवर पाणी सोडावं लागतं.

मेडिक्लेम: कंपनीचा गट विमा साधारणपणे शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर तारखांचा मेळ घाला. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का, हे नोकरीत असतानाच विचारा. ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, तसं नाही. तिथं एका सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर पुढच्या काळातला हक्क ठरतो, म्हणून नोकरी सुटली की कार्ड फेकून देऊ नका.

घरखर्च: भाडं, हप्ते, किराणा, शाळेची फी असं कागदावर मांडा. तीन महिन्यांची सोय असेल तर झोप लागते. माझ्याकडे दीड महिन्याची होती, आणि तरीही मी गेले. पण ते आकडे आदल्या रात्री लिहून काढल्यामुळे घरी सांगताना आवाज कापला नाही.

लैंगिक छळ हे कारण असेल तर एक गोष्ट ठामपणे सांगते: राजीनामा दिल्यानं तक्रारीचा हक्क संपत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

२. नेमणूक पत्र शोधा आणि नोटीसचं कलम शब्दन् शब्द वाचा

बहुतेकांनी हे पत्र सही करताना वाचलेलं नसतं. आता वाचा. चार गोष्टी शोधायच्या: नोटीस किती दिवसांची, प्रोबेशनमध्ये वेगळी आहे का, नोटीसऐवजी पैसे भरायची सोय आहे का, आणि ते पैसे मूळ पगारावर मोजायचे की एकूण पगारावर. शेवटच्या मुद्द्यानं सगळं गणित फिरतं.

समजा एकूण पगार ३६,००० आणि त्यातला मूळ पगार १८,०००. नोटीस ३० दिवसांची. तुम्ही महिन्याच्या १७ तारखेला काम थांबवलंत. सतरा दिवसांचा पगार २०,४०० रुपये. शिल्लक हक्काची रजा १२ दिवस आणि तिचे पैसे मूळ पगारावर मिळत असतील तर ७,२०० रुपये. येणं झालं २७,६००. आता नोटीसची वजावट मूळ पगारावर असेल तर १८,००० जाऊन तुम्हालाच ९,६०० मिळतात. एकूण पगारावर असेल तर ३६,००० वजा होतात, आणि कंपनी तुमच्याकडे ८,४०० रुपये मागू शकते. नोटीस ९० दिवसांची असेल तर हे आकडे स्वतःच मांडून बघा, म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज राहील.

एक फसगत ठाऊक असू द्या. नोटीसच्या वजावटीवर काही ठिकाणी वर १८ टक्के जीएसटी लावतात. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल कापलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. हिशेबात तशी ओळ दिसली तर परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी हरकत घ्या.

बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळाआधी सोडलं तर अमुक पैसे भरीन असा करार, असेल तर जास्त सांभाळून. ‘बॉण्डला कोर्टात काही किंमत नसते’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतं, ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सार्वजनिक बँकेची अट योग्य ठरवली: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये. दुसरीकडे, भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी असावी लागते. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा झाली, तेवढे पैसे आपोआप लागू होतात असं नाही. दोन दिवसांच्या ओळखपर भाषणांना ‘प्रशिक्षण’ म्हणून तीन लाख मागणाऱ्या बॉण्डला आव्हान देता येतं. पण बॉण्ड आहे म्हटल्यावर राजीनाम्याच्या आधी वकिलाला तो दाखवा, नंतर नको.

३. भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही

‘पोलिसात देऊ’ ही धमकी नवख्या मुलामुलींना हमखास दिली जाते. खासगी नोकरी नोटीस न देता सोडणं हा गुन्हा नाही. तो करारभंग आहे, म्हणजे पैशाचा वाद. कंपनी तुम्हाला जबरदस्तीनं कामावर परत आणू शकत नाही. असा वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीनं पाळायला लावत नाही, हे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ मागचं तत्त्व आहे. आणि नोकरी सोडल्यावर अमुक कंपनीत जायचं नाही, त्याच धंद्यात काम करायचं नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणं अवघड असतं.

गुन्हा कुठे होतो तेही ऐका. लॅपटॉप, गाडी, रोकड, स्टॉक अडकवून ठेवणं. ग्राहकांच्या याद्या, डिझाइनच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जाणं. जाता जाता डेटा पुसणं किंवा पासवर्ड बदलणं. पगार थकलाय म्हणून लॅपटॉप देणार नाही, असं करणारे मी पाहिले आहेत. त्यांची बाजू शंभर टक्के खरी होती, आणि त्या एका गोष्टीमुळे तक्रारदाराचे आरोपी झाले. थकलेला पगार मागायला दुसरा रस्ता आहे, तो पुढे सांगते.

खरी भीती कोऱ्या चेकची बाळगा. रुजू होताना ‘सिक्युरिटी’ म्हणून सही केलेला कोरा चेक दिला असेल, तर राजीनाम्यातच त्याचा नंबर लिहून तो परत मागा. तो बँकेत टाकला आणि परत गेला तर चेक न वटल्याबद्दल कलम १३८ ची कायदेशीर नोटीस येऊ शकते. ती आली की उत्तराला आणि पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत असते. त्या पंधरा दिवसांत वकील गाठायचाच.

मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवून घेतल्या असतील तर त्याही यादी करून लेखी मागा. दिल्या नाहीत तर पोलिसांत लेखी अर्ज द्या.

४. कागद आधी, राजीनामा नंतर

राजीनाम्याचा मेल गेला की काही ठिकाणी तासाभरात लॉगिन बंद होतं. मग स्वतःच्या पगारपावतीसाठीसुद्धा हात पसरावे लागतात. म्हणून हे आधी स्वतःजवळ घ्या:

- नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रं, बॉण्ड किंवा करार
- सगळ्या पगारपावत्या, निदान शेवटच्या बारा महिन्यांच्या
- फॉर्म १६
- पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट
- यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक), पीएफ पासबुकची प्रत, ईएसआयसी क्रमांक
- हजेरी आणि शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट
- मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसी क्रमांक
- कंपनीनं दिलेल्या वस्तूंची यादी, लॅपटॉपच्या मागच्या सिरियल नंबरसकट
- त्रासाचा पुरावा: तुम्हाला आलेले मेसेज, तारीखवार टिपण, डॉक्टरांचे कागद

हे तुमचे कागद आहेत. कंपनीचे कागद, म्हणजे ग्राहकांची माहिती, दर, खाती, यांतलं काहीही खासगी मेलवर पाठवू नका. मी त्या मागच्या तारखेच्या बिलांची प्रत घेतली नाही. त्याऐवजी ‘आज अमुक वाजता मला असं सांगितलं गेलं आणि मी नकार दिला’ असा चार ओळींचा मेल त्याच दिवशी मालकांना पाठवला. माझ्यापुरता तेवढा पुरावा पुरेसा होता.

यूएएनला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा आहे ना, तेही याच वेळी बघा. ऑफिसनं दिलेलं सिम असेल तर आधी बदलून घ्या.

५. राजीनामा लिहा: लहान, साधा, तारखेसह

मनातली सगळी मळमळ राजीनाम्यात ओतायची नाही. तो कागद पुढची पाच वर्षं अनोळखी माणसं वाचणार आहेत. इंग्रजीत लिहिलात तरी मजकूर साधारण असा ठेवा:

‘मी [पद] या पदाचा राजीनामा देत आहे. वैयक्तिक व आरोग्याच्या कारणामुळे मला नोटीसचा कालावधी पूर्ण करणे शक्य नाही. माझा कामाचा शेवटचा दिवस आज, दिनांक [ ], असेल. माझी शिल्लक हक्काची रजा नोटीसमध्ये समायोजित करावी व उरलेल्या दिवसांचा हिशेब नेमणूक पत्रातील कलम [ ] प्रमाणे करून मला लेखी कळवावा. कंपनीच्या वस्तू व कामाची सद्यस्थिती सोबतच्या यादीप्रमाणे सुपूर्द करत आहे. थकीत पगार, अंतिम हिशेब, अनुभव पत्र व रिलीव्हिंग लेटर द्यावे ही विनंती. यापुढील पत्रव्यवहार [खासगी ईमेल व पत्ता] येथे करावा.’

कारण खरं असावं, पण सगळं खरं लिहिलंच पाहिजे असं नाही. अपवाद दोन: पगार थकला असेल तर कोणत्या महिन्यांचा ते लिहा, आणि बेकायदा काम सांगितलं असेल तर ‘दिनांक अमुकच्या माझ्या ईमेलमधील कारणास्तव’ एवढा उल्लेख करा. पुढे वाद झाला तर ती एक ओळ तुमच्या बाजूनं उभी राहते.

खोटं मेडिकल सर्टिफिकेट जोडू नका. पाचशे रुपयांत मिळतं म्हणून घेतात आणि मग पडताळणीत तेच गळ्याशी येतं.

६. राजीनामा पोचला याची पोच घ्या

मेल पाठवताना वरिष्ठ आणि एचआर दोघांना पाठवा आणि स्वतःचा खासगी पत्ता सीसीमध्ये ठेवा. फक्त ऑफिसच्या मेलवरून पाठवलात तर लॉगिन बंद झाल्यावर तो तुमच्याकडे उरत नाही. फोनवर ‘मी सोडतोय’ सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला, याला पोच म्हणत नाहीत.

छोट्या कंपनीत मेलचं कुणी मनावर घेत नसेल तर कागद हातात द्या, दोन प्रतींत. त्या शुक्रवारी सव्वापाचला मी इनवर्डच्या टेबलाशी गेले. तिथं बसणारे काका रोज येणारी बिलं आणि चलनं घेतात. त्यांनी पाकीट फोडलं, पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. रबरी शिक्का शाईच्या डबीवर दोनदा आपटला, पत्रावर मारला, शेजारी पेनानं तारीख आणि वेळ घातली, सही केली. मग दुसरी प्रत पुढे ओढली आणि म्हणाले, ‘ताई, हिच्यावर पण मारून देतो. ही तुमची. जपून ठेवा.’ शाई ओली होती, म्हणून तो कागद हातात उघडाच धरून मी जिना उतरले. २०१६ मध्ये माझ्याकडे असा एक कागद असता, तर ते सात आठवडे गेले नसते.

घ्यायलाच कुणी तयार नसेल तर त्याच दिवशी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टनं पाठवा. पावती आणि पोचल्याच्या ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट ठेवा. काही दिवसांनी ते ट्रॅकिंग दिसेनासं होतं, म्हणून लगेच काढून घ्या.

कंत्राटदारामार्फत लागला असाल तर तुमचा मालक कंत्राटदार आहे. राजीनामा त्याच्या नावानं, प्रत कारखान्याच्या एचआरला.

७. वस्तू आणि काम परत द्या, पावती घेऊन

लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, अ‍ॅक्सेस कार्ड, सिम, कपाटाच्या किल्ल्या, कंपनीचं क्रेडिट कार्ड, गाडी. वस्तू देण्याआधी प्रत्येकीचा फोटो काढा, लॅपटॉप चालू स्थितीत असतानाचा. यादीवर घेणाऱ्याची सही घ्या. एमआयडीसीत गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नोंद होते, तिचाही फोटो घ्या. लॅपटॉपवरचे स्वतःचे फोटो आणि बँकेचे पासवर्ड काढा, पण ऑफिसच्या एकाही फाइलला हात लावू नका.

कामाचा चार्ज देणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि घाईत निघणारे नेमकं तेच टाळतात. एका पानाची टीप पुरते: कोणतं काम कुठवर आलंय, फाइल कुठे आहे, येत्या पंधरा दिवसांत कोणत्या तारखा आहेत. माझ्या टीपेत जीएसटी रिटर्नची तारीख, तीन पुरवठादारांचे अडलेले चेक आणि टॅलीचा बॅकअप कुठे ठेवलाय, असं लिहिलं होतं. गुरुवारी रात्री अकरापर्यंत बसून केली. राग मालकावर होता. पण सोमवारी माझ्या खुर्चीवर बसणारी मुलगी बावीस वर्षांची होती, आणि तो सगळा आरडाओरडा तिला ऐकावा लागला असता. दोन वर्षांनी एका कंपनीनं माझ्याबद्दल विचारायला फोन केला तेव्हा तिथल्याच एका सहकाऱ्यानं माझ्याबद्दल चांगलं सांगितलं, ते त्या पानामुळे.

८. पुढचे पंधरा दिवस

फोन येतील. आधी समजूत, मग आमिष, मग दमदाटी. फोन उचलायचा असेल तर एकदाच उचला आणि सांगा, ‘सर, मी मेलवर उत्तर देते.’ आणि खरंच द्या. चार्जबद्दल प्रामाणिक प्रश्न असेल तर लेखी उत्तर द्यायला काही बिघडत नाही.

‘कामावर हजर व्हा, अन्यथा कारवाई’ असं पत्र आलं तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. दिलेल्या मुदतीत उत्तर पाठवा: ‘मी अमुक तारखेला राजीनामा दिला आहे, पोच सोबत जोडली आहे, अंतिम हिशेब कळवावा.’ फरार असल्याचा शेरा रोखायचा तो इथंच. वकिलाची नोटीस आली तर उत्तरही वकिलाकडूनच. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार यांना तिथं मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

ऑफिसच्या ग्रुपवर शेवटचं भाषण टाकू नका. त्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडा.

९. पैसे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे: राजीनामा दिला तरी कमावलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. तरीही ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ असं सांगणाऱ्या कंपन्या भेटतील. आठवडाभर वाट बघा, मग कलमाचा उल्लेख करून मेल करा. हिशेबाची फोड मागा: किती दिवसांचा पगार, रजेचे किती, नोटीसचे किती कापले.

‘सर्व रक्कम मिळाली, काही येणं नाही’ या कागदावर पैसे खात्यात पडल्याशिवाय सही करू नका. आधी सही, मग चेक, असा आग्रह धरला तर ‘रक्कम जमा होण्याच्या अधीन’ असं स्वतःच्या हातानं लिहून मग सही करा.

पैसे आलेच नाहीत तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. सोबत पगारपावत्या, बँक स्टेटमेंट, राजीनाम्याची पोच. अर्ज साध्या मराठीत चालतो. नव्या संहितेत असा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. माझ्या वेळी जुना कायदा होता. तरी कार्यालयाचं पत्र कंपनीत गेल्यावर सुनावणीच्या तारखेआधीच दोन महिन्यांचा पगार खात्यात आला.

पीएफ तुमचा आहे. नोटीस दिली नाही म्हणून कंपनी तो अडवू शकत नाही, त्यातून वसुलीही करू शकत नाही. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पाच वर्षं पुरी असतील तर ती फक्त गैरवर्तनाबद्दल काढून टाकल्यावर, ठरावीक कारणांसाठी जप्त होते. राजीनाम्यानं होत नाही.

पगाराचं खातं काही महिने पगार आला नाही की साध्या बचत खात्यात बदलतं आणि काही बँकांत किमान शिल्लक राखावी लागते. बँकेत विचारून घ्या, नाहीतर दंड कापला जातो.

१०. पुढच्या मुलाखतीत

ती नोकरी बायोडाटातून गाळू नका. पीएफच्या नोंदीत ती दिसते, आणि लपवलेली नोकरी ही नोटीस न दिलेल्या नोकरीपेक्षा जास्त महागात पडते. विचारलं तर दोन वाक्यांत सांगा: ‘पगार दोन महिने थकला होता, म्हणून मी तातडीनं राजीनामा दिला. चार्ज लेखी दिला आहे, पोच माझ्याकडे आहे.’ जुन्या मालकाबद्दल तिसरं वाक्य बोलू नका. रिलीव्हिंग लेटर मिळालं नसेल तर ऑफर स्वीकारण्याआधीच एचआरला सांगा आणि त्याऐवजी राजीनाम्याची पोच, शेवटच्या तीन पगारपावत्या, बँक स्टेटमेंट आणि पीएफची सेवा नोंद द्या. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर भागतं.

११. दोन महिन्यांनी: पीएफमधली तारीख

कॅलेंडरवर आजच खूण करून ठेवा. शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिने झाले की पीएफच्या सभासद पोर्टलवर जा. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ निवडा, त्या कंपनीचा पीएफ क्रमांक निवडा, तारीख आणि कारण भरा, आधारच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली असावी. राजीनाम्यातली तारीखच घाला आणि सबमिट करण्याआधी दोनदा वाचा, कारण एकदा भरलेली तारीख सहजासहजी बदलत नाही. सभासदाला ही सोय जानेवारी २०२० पासून आहे. मी २०१९ मध्ये अडकले तेव्हा ती फक्त कंपनीच भरू शकायची, आणि ज्यांचे फोन मी उचलले नव्हते त्यांनाच मला दहा-दहा वेळा फोन करावे लागले.

नवी नोकरी लागली की जुना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग सेवा पाच वर्षांची होण्याआधी काढला तर त्यावर कर लागतो. आणि पगारातून टीडीएस, म्हणजे आयकर, कापला गेला असेल तर पुढच्या १५ जूनपर्यंत जुन्या कंपनीनं फॉर्म १६ द्यायला हवा. नाही आला तर आयकर पोर्टलवर २६एएस उघडा. कंपनीनं कापलेला आणि खरंच भरलेला कर तिथं दिसतो, रिटर्न त्यावरून भरता येतं.